एबीएसच्या गाडीची ब्रेकमधली हवा घरी काढताना

दोन वर्षांमागे, कापूस वेचणीच्या दिवसांत, आमच्या बोलेरोचा मागचा डावा व्हील सिलिंडर, म्हणजे ऑईलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारा भाग, गळू लागला. टायरच्या आतल्या बाजूने ऑईलचा ओघळ दिसत होता. सिलिंडर मीच बदलला, पुतण्याला पेडलवर बसवलं आणि ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा अंगणातच काढायला घेतली. मधेच वेचणाऱ्या बायांची मजुरी वाटायला उठलो. हवा काढायचा चाकाजवळचा पोकळ स्क्रू, म्हणजे निपल, किंचित ढिला राहिला होता. परत येईपर्यंत बोनेटखालची ब्रेक ऑईलची डबी कोरडी पडली होती. पुतण्या म्हणाला, "काका, पेडल तं खालीच चाल्लं."

डबी भरली, चारही चाकांची हवा काढली. पेडल चांगलं कडक झालं, गावात एक चक्कर मारली, सगळं ठीक वाटलं. तीन दिवसांनी अवकाळी पाऊस झाला. पांदणीने येताना समोर अचानक गोऱ्हा आला. जोरात ब्रेक मारला, चिखलात चाकं घसरू लागली, एबीएसची (जोराच्या ब्रेकला चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) खडखड पायाला लागली आणि दुसऱ्याच क्षणी पेडल लोण्यासारखं खाली गेलं. गाडी पऱ्हाटीत शिरून थांबली. गोऱ्हा वाचला, आम्हीही वाचलो.

माझी चूक काय झाली ते तालुक्याहून स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) घेऊन आलेल्या मेकॅनिकने समजावून सांगितलं, तेव्हा कळलं. आपल्याकडे गाडीची लहानसहान कामं घरी करण्याची पद्धत आहे, आणि ती चांगली पद्धत आहे. पण १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या कारला एबीएस आलेलं आहे, १२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटरसायकलींनाही आलेलं आहे. जुन्या जीपची हवा काढणारा हात या गाड्यांवर तसाच चालवला, तर माझं झालं तसं होऊ शकतं.

हवा अडकते कुठे

संत्र्याच्या बागेत ठिबक लावलेल्यांना हे लवकर समजेल. मोटर सुरू केली की पाइपातून आधी फुसफुस हवा निघते आणि मग पाणी धरतं. पण एखाद्या फाट्याचा कॉक बंद असेल, तर त्या फाट्यातली हवा तिथेच बसून राहते. मुख्य लाइन सुरळीत चालते, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. कॉक उघडला की ती हवा बाहेर येते.

एबीएसचं युनिट म्हणजे मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑईल पुढे ढकलतो तो) आणि चाकं यांच्या मधला धातूचा ठोकळा. त्यात प्रत्येक चाकासाठी दोन व्हॉल्व्ह असतात. एक एरवी उघडा असतो, त्यातूनच रोजचा ब्रेक लागतो. दुसरा एरवी बंद असतो. चाक घसरायला लागलं की पहिला बंद होतो, दुसरा उघडतो आणि चाकावरचा दाब सुटतो. सुटलेलं ऑईल एका छोट्या कप्प्यात जातं आणि तिथून पंप ते परत मास्टरकडे ढकलतो. हे सगळं एका सेकंदात अनेकदा होतं, त्यालाच आपण खडखड म्हणतो. ती खडखड म्हणजे बिघाड नव्हे.

आपण पेडल दाबून निपलमधून हवा काढतो, तेव्हा ऑईल फक्त पहिल्या, उघड्या व्हॉल्व्हमधून वाहतं. बंद व्हॉल्व्हच्या मागचा कप्पा आणि पंप या वाटेवर येतच नाहीत. डबी कोरडी पडून हवा तिथवर पोचली असेल, तर चाकांची हवा कितीही वेळा काढा, ती निघत नाही. पेडलही कडक लागतं. ज्या दिवशी एबीएस चालतं, त्या दिवशी पंप ती हवा मुख्य लाइनमध्ये फेकतो. म्हणजे ब्रेकची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच तो जातो.

आधी ठरवा, काम घरचं आहे की नाही

जुनं ऑईल बदलायचं आहे, किंवा कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), व्हील सिलिंडर, चाकाजवळचा रबरी पाइप बदललाय आणि डबी एकदाही रिकामी झालेली नाही, तर घरी करा. डबी कोरडी पडली असेल, मास्टर सिलिंडर बदलला असेल, एबीएसच्या ठोकळ्याचा एखादा पाइप उघडला असेल किंवा मीटरमध्ये एबीएसचा दिवा लागलेला असेल, तर स्कॅनर लागणार हे धरून चाला. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांना घरी हात लावू नका, त्यांची ब्रेकची रचना वेगळी असते.

दुखणं हवेचंच आहे का, हेही पाहून घ्या. पेडल मऊ लागतं आणि दोन-तीनदा भराभर मारलं की वर येऊन कडक होतं, तर बहुधा हवा आहे. पण मागच्या ड्रममधले लायनर झिजून त्यांची सेटिंग ढिली झाली असेल, तरी हेच लक्षण दिसतं. तेव्हा आधी ड्रम ॲडजस्ट करून पाहा. पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली सरकत गेलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टरचे रबर गेले आहेत. तिथे हवा काढून काहीच होणार नाही.

डबीतली पातळी खाली गेलेली दिसली की वरून ऑईल टाकून मोकळं होण्याची सवयही बरी नाही. डिस्क पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्या मागे ऑईल भरतं, म्हणून पातळी उतरते. आधी पॅड पाहा, चाकांच्या आत ओल आहे का पाहा, मग ऑईल टाका.

ऑईल

डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असतं. तेच वापरा. हे ऑईल ग्लायकॉलचं असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची २०५ वरून १४० वर येते. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे सात माणसं घेऊन उतरताना, तेही पारा ४५ च्या वर गेलेल्या मे महिन्यात, डिस्कचा ताप कॅलिपरमधल्या ऑईलपर्यंत पोचतो. पाणी मुरलेलं ऑईल तिथे उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ म्हणजे पुन्हा हवाच. घाटात ब्रेक गेला असं आपण म्हणतो, त्यातले कितीतरी प्रकार हेच असतात. म्हणून दर दोन वर्षांनी ऑईल बदला, गाडी कमी चाललेली असली तरी. वेळ निवडता येत असेल तर पावसाळ्यात हे काम काढू नका. बाटली सीलबंद घ्या, घरात वर्षभर उघडी पडलेली नको.

डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते या गाड्यांत चालत नाही. डॉट ५.१ वेगळं, ते ग्लायकॉलचंच आहे. नावावरून गफलत होते, म्हणून सांगतो.

आणि कळकळीने सांगतो, अडचणीच्या वेळी डबीत इंजिन ऑईल, हायड्रॉलिक ऑईल, डिझेल असलं काही टाकू नका. ट्रॅक्टरच्या कॅनमधलं "थोडंसंच" ऑईलसुद्धा ब्रेकचे सगळे रबर फुगवतं. मग मास्टरपासून चारही चाकांपर्यंत सगळं बदलावं लागतं, एबीएसचं युनिटसुद्धा. धुवायलाही पेट्रोल किंवा रॉकेल वापरू नका.

मांडामांड

एक लिटर ब्रेक ऑईल. निपलच्या मापाचा रिंग पाना. बहुतेक गाड्यांत ८, १० किंवा ११ चा लागतो. उघड्या तोंडाचा पाना वापरला की निपलची धार मरते. मोटरसायकलच्या पेट्रोलची पारदर्शक नळी हातभर, ती निपलवर घट्ट बसते. पाण्याची रिकामी बाटली, झाकणाला भोक पाडलेली. मोठी सिरिंज. बादलीभर पाणी आणि फडकी. ब्रेक ऑईल रंगावर पडलं तर रंग उचलला जातो, लगेच पाणी ओतायचं. डोळ्याला आणि हाताच्या चिरांना झोंबतं, तेव्हा चष्मा आणि हातमोजे असलेले बरे.

जागा सपाट आणि टणक हवी. काळ्या मातीत जॅक बसतो आणि गाडी कलते, म्हणून खाली जाड फळी टाका. जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावायची. बोलेरोसारख्या उंच गाडीत चाक न काढताही मागच्या निपलपर्यंत हात पोचतो, तेवढ्यासाठी गाडी उचलायची गरज नाही. काही पिकअपच्या मागच्या अॅक्सलला वजनानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो. चाकं लोंबकळत ठेवली की तो ऑईल अडवतो. तिथे तर गाडी चाकांवरच उभी हवी. गिअर टाका, पुढच्या चाकांना मागूनपुढून दगड लावा आणि हँडब्रेक सोडा.

आता निपल. आपल्याकडे त्यावर चिखल वाळून दगड झालेला असतो. तारेच्या ब्रशने घासा, भोकातली माती बारीक तारेने काढा, गंज सोडवणारा स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा. सकाळी पाना लावण्याआधी हलक्या हातोडीने दोन-चार टकटक. तरीही हलला नाही तर जोर लावू नका. निपल आत तुटला की अर्ध्या तासाच्या कामाचे दोन दिवस होतात. कॅलिपर बदललेला असेल तर निपल वरच्या बाजूला आहे ना, तेवढं बघा. डावा-उजवा अदलाबदल झाला की निपल खाली येतो आणि वरची हवा जन्मात निघत नाही.

डबीभोवतीची धूळ पुसून मगच झाकण उघडा. सिरिंजने जुनं काळपट ऑईल खालच्या रेषेच्या जवळ येईपर्यंत काढा, त्याखाली नाही. लगेच नवं ऑईल वरच्या रेषेपर्यंत भरा.

एक गोष्ट फार जण करत नाहीत. पेडलच्या खाली लाकडाचा दोन-अडीच इंची ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टरचे रबर अर्ध्याच वाटेवर ये-जा करतात. पुढच्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. हवा काढताना पेडल तळाला गेलं की रबर त्या खरबरीत भागावर घासून फाटतात. "हवा काढली आणि मास्टर गेला" म्हणतात, ते असं होतं.

कोणतं चाक आधी

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, जवळचं शेवटी. इंटरनेटवरच्या कितीतरी व्हिडिओंत मागचं उजवं चाक आधी सांगतात. ते स्टीअरिंग डावीकडे असणाऱ्या देशांचं. आपला मास्टर उजव्या बाजूला, म्हणून आपला क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिलेला असेल तर तो खरा. काही कंपन्या एबीएससाठी मुद्दाम वेगळा देतात.

प्रत्यक्ष हवा काढणं

चावी बंद. इंजिन बंद असताना पेडल चार-पाचदा दाबून बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपवा. नळीचं एक टोक निपलवर, दुसरं बाटलीत, आणि बाटलीत आधीच बोटभर नवं ऑईल, म्हणजे नळीचं टोक बुडालेलं राहील.

आमच्याकडे आता तीन माणसं लागतात. पेडलवर पुतण्या, निपलवर मी, आणि बोनेटशेजारी खुर्ची टाकून आई, हातात टॉर्च. तिचं काम फक्त डबीकडे बघणं. रेष अर्ध्यावर आली की ती "थांब रे" म्हणते, आणि ती म्हणाली की सगळे थांबतात. त्या पऱ्हाटीच्या दिवसानंतर हे पद मी कायमचं नेमलेलं आहे.

मी म्हणतो, "दाब." पुतण्या पेडल सावकाश दाबतो आणि दाब टिकवून म्हणतो, "दाबलं." मग मी निपल पाव फेरी उघडतो. नळीतून बुडबुडे आणि मळकं ऑईल धावतं, पेडल खाली जातं. ते ठोकळ्याला टेकायच्या आत मी निपल बंद करतो आणि मगच म्हणतो, "सोड." निपल उघडा असताना पाय सुटला, तर निघालेली हवा परत ओढली जाते. म्हणून उत्तर आल्याशिवाय पाना हलवायचा नाही आणि "सोड" ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही. दोन दाबांच्या मधे पाचेक सेकंद थांबा. घाईने फटाफट पंप मारले की एका बुडबुड्याचे शंभर होतात, ऑईलला फेस येतो आणि तो निघता निघत नाही.

पाच-सहा दाबांनंतर डबी भरायचीच, आई काही म्हणाली नसली तरी. बाटलीत जमलेलं ऑईल कितीही स्वच्छ दिसलं तरी परत डबीत टाकायचं नाही.

नळीकडे बघत राहा. आधी चहाच्या रंगाचं येतं, मधेच एखादा मोठा बुडबुडा भक्कन जातो, मग बारीक मोहरीएवढे, मग रंग उतरत फिकट पिवळा होतो. बुडबुडे थांबल्यावर आणखी तीन-चार दाब काढा. मागच्या लांब पाइपाला ऑईल जास्त लागतं, पुढच्या चाकांना बरंच कमी. निपल बेताने घट्ट करा. तो पोकळ असतो, मनगटाच्या जोरावर भागतं, खांद्याचा जोर लावायचा नाही. रबरी टोपी लगेच बसवा. टोपी नसेल तर नवी आणा, नाहीतर पुढच्या वेळी पुन्हा त्याच मातीशी झगडावं लागेल.

मदतीला कोणी नसेल तर निपल उघडून, नळी लावून ऑईल आपोआप ठिबकू द्या. वेळ लागतो, पण फेस होत नाही. अट एकच, तिथून उठायचं नाही.

डिस्क पॅड बदलतानाही निपल उपयोगी पडतो. पिस्टन मागे दाबताना निपल उघडून, नळी लावून, कॅलिपरमधलं काळं ऑईल बाहेर जाऊ द्या आणि दाब सोडण्याआधी बंद करा. नाहीतर तो सगळा गाळ उलटा एबीएसच्या बारीक व्हॉल्व्हमध्ये जातो.

स्कॅनरचं काम

डबी कोरडी पडलीच असेल, तर आधी वर सांगितल्याप्रमाणे चारही चाकांची हवा काढा. मग स्कॅनरवाल्याला गावात बोलवा. मऊ पेडलवर गाडी घेऊन तालुक्याला जाऊ नका. फोनवर नीट विचारा, "एबीएसमध्ये जाऊन ब्लीडिंग, म्हणजे हवा काढणं, करता येतं का?" फक्त इंजिनचे कोड वाचणारं स्वस्त यंत्र इथे कामाचं नाही.

बॅटरी चार्ज असलेली हवी, कारण पंप बराच करंट ओढतो. स्कॅनर एकेका चाकाचे व्हॉल्व्ह उघडतो, पंप चालवतो आणि त्याच वेळी स्क्रीनवर सांगतो तसं पेडल दाबून निपल उघडायचा असतो. पेडलवर बसलेल्याला आधीच सांगून ठेवा, पाय थरथरेल, पेडल उलटा धक्का देईल, पाय काढायचा नाही. आमच्या बोलेरोत त्या वेळी नळीतून जे निघालं ते दुधाळ दिसत होतं, इतके बारीक बुडबुडे होते. चारही चाकं झाली की शेवटी एकदा पुन्हा साधी हवा काढायची, कारण पंपाने ढकललेली हवा आता मुख्य लाइनमध्ये आलेली असते.

रिकाम्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारून एबीएस चालवा आणि पुन्हा हवा काढा, असंही सांगितलं जातं. तत्त्व बरोबर आहे, व्हॉल्व्ह आणि पंप त्यातही चालतात. पण आत हवा आहे हे माहीत असताना मुद्दाम ब्रेक जाईल असं करणं मला पटत नाही. डबी कोरडी पडलेली नसेल, पेडल आधीच कडक असेल, तर मोकळ्या मुरमाच्या रस्त्यावर २०-३० च्या वेगाने चार-पाच वेळा करून पाहायला हरकत नाही. स्कॅनरऐवजी म्हणून मात्र नाही, आणि लगेच घाट उतरायचा असेल तर मुळीच नाही.

मोटरसायकलचं तत्त्व हेच. फरक इतका की पुढच्या ब्रेकची हवा बऱ्याचदा वरच्या टोकाला, हँडलवरच्या मास्टरच्या नटाजवळ अडकते. खालची हवा काढून झाल्यावर लिव्हर दाबून रात्रभर रबराने बांधून ठेवली, की राहिलेले बारीक बुडबुडे वर चढतात.

तपासणी

पेडलखालचा ठोकळा काढा, हे विसरू नका. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा आणि पूर्ण जोराने अर्धा मिनिट धरा. ते सरकायला नको. तसंच धरून इंजिन सुरू करा, पेडल थोडं खाली बसलं पाहिजे, म्हणजे बूस्टर ठीक आहे. कोणाला तरी पेडल दाबून धरायला सांगून चारही निपलांवर कोरडं बोट फिरवा. एबीएसचा दिवा चावी लावल्यावर लागून काही वेळात विझला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला तर चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसलाय का, त्याची वायर तुटली का, ते पाहा. त्याचा हवेशी संबंध नसतो.

मग अंगणातच, चालण्याच्या वेगाने ब्रेक. मग रिकाम्या रस्त्यावर २०, नंतर ४०. पेडल प्रत्येक वेळी त्याच उंचीवर धरलं पाहिजे. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्याच्या विरुद्ध बाजूचं चाक पुन्हा पाहा. चाकं काढली असतील तर पन्नासेक किलोमीटरनंतर नट परत आवळा.

निघालेलं ऑईल विषारी आहे. विहिरीजवळ, धुऱ्यावर, गोठ्यात कुठेही ओतू नका. फवारणीचं औषध पाण्याच्या बाटलीत ठेवू नये हे आपल्याकडे कोणाला नव्याने सांगायला नको, तेच इथेही. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा आणि वापरलेलं ऑईल घेणाऱ्या गॅरेजमध्ये वेगळी द्या. उरलेल्या नव्या ऑईलचं झाकण घट्ट लावलं तरी ते फार दिवस ठेवू नका. डबीशेजारी कागदी पट्टीवर तारीख आणि किलोमीटर लिहून चिकटवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी, चारही चाकांच्या आत एकदा टॉर्च मारून ओल पाहा आणि डबीची रेष बघा.